पाकीट घरी आले, पण परत गेले का?



'स्मरणपत्र' हा शब्द आपल्याकडे फारसा आवडीचा नाही. सोसायटीचा कागद येतो, वर 'स्मरणपत्र क्र. २' आणि खाली थकबाकीचा आकडा. तो पाहिला की घरची मंडळी विचारतात, "आता आणखी कुणाचं द्यायचं राहिलंय?" पण जगात दुसऱ्याही एका प्रकारची स्मरणपत्रे जातात. त्यांत पैसे मागितलेले नसतात. "तुमच्या शौचाची तपासणी करायची राहिली आहे, तेवढा नमुना पाठवून द्या," एवढेच त्यात असते. वाचून हसू येईल. पण अशा कागदामुळे माणसे वाचली आहेत, आणि पुष्कळदा असा कागद पाठवूनही काही उपयोग झालेला नाही. कोणते स्मरणपत्र काम करते आणि कोणते केराच्या टोपलीत जाते, याचा इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टर मंडळींनी चांगला हिशेब ठेवला आहे. तो आपल्यासारख्या सभासदांनी समजून घेण्याजोगा आहे, कारण चिठ्ठी, नोटीस आणि पाळी या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत.

विषय जरा अडचणीचा आहे हे कबूल. परसाकडची गोष्ट चारचौघांत काढू नये असे आपले वळण. पण नेमक्या या संकोचापायीच हा रोग अंगावर काढला जातो, म्हणून स्पष्ट लिहिलेले बरे.

रोग काय आहे

आपले मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. त्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी चामखिळीसारखा लहानसा कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ माणसांत असे कोंब असतात आणि बहुतेक निरुपद्रवी राहतात. काही मात्र वाढत जातात आणि त्यांतल्या थोड्यांचा पुढे कर्करोग होतो. याला बहुधा दहा-दहा वर्षे लागतात. म्हणजे हा रोग एका रात्रीत येत नाही, रोखायला वेळ भरपूर देतो. अडचण एवढीच की त्या सगळ्या काळात माणसाला काहीच होत नाही. हुमणी लागलेल्या उसासारखेच हे. वरून पाने हिरवीगार, बांधावरून जाणारा म्हणतो, "काय ऊस आहे!" आणि खाली मुळे कुरतडली जात असतात. पाने पिवळी पडेपर्यंत थांबले तर मग औषध टाकून फारसे हाती लागत नाही.

२०२२ साली जगात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रोगी निघाले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली. भारतात त्या वर्षी सुमारे ७० हजार नवे रोगी असावेत असा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे हे प्रमाण इंग्लंड-अमेरिकेपेक्षा बरेच कमी आहे हेही सांगितले पाहिजे, उगाच भीती नको. पण वेळेवर सापडणे आणि उशिरा सापडणे यांतला फरक सगळीकडे सारखाच आहे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे, रोग आतड्यापुरताच असताना सापडला तर शंभरातले नव्वदच्या आसपास रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर सापडला तर शंभरातले पंधराच्या आसपास.

आता तपासणी. वाढत्या कोंबातून आणि सुरुवातीच्या गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपते. ते इतके कमी असते की डोळ्यांना दिसत नाही, पण रसायनाने ओळखता येते. जुन्या तपासणीत एका पुठ्ठ्याच्या कार्डावर तीन वेगवेगळ्या दिवशीच्या शौचाचे प्रत्येकी दोन नमुने काडीने लावावे लागत. नवी तपासणी फिट या नावाने ओळखली जाते. तिच्यात एकदाच, काडीच्या टोकाला लागेल एवढा नमुना घ्यायचा, तो नळीत घालून झाकण लावायचे, झाले. ही तपासणी फक्त माणसाचे रक्त ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्ले म्हणून निकाल बिघडत नाही. रक्त निघाले म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नव्हे. दुर्बिणीने आतडे आतून पाहायचे एवढाच त्याचा अर्थ. कोंब दिसला तर बहुधा त्याच वेळी दुर्बिणीतूनच काढून टाकतात आणि पुढचा रोगच टळतो.

या तपासणीचा उपयोग होतो की नाही याबद्दल आता वाद उरलेला नाही. अमेरिकेतील मिनेसोटात १९९३ साली, तर इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्युनन बेटावर १९९६ साली मोठ्या चाचण्यांचे निकाल जाहीर झाले. जुन्या कार्डाच्या तपासणीनेसुद्धा या रोगाचे मृत्यू दर दोन वर्षांनी तपासले तर १५ ते १८ टक्क्यांनी आणि दरवर्षी तपासले तर ३३ टक्क्यांनी कमी झाले होते. पण हे सगळे केव्हा, माणसाने नमुना दिला तर!

इंग्लंडमधले पाकीट

इंग्लंडमध्ये २००६ सालापासून सरकारी आरोग्यसेवेने ही तपासणी थेट घरपोच केली. डॉक्टरकडे जायला नको, रांग नको, पैसा नको. देशात पाच केंद्रे आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक नोंदलेल्या माणसाचे नाव आणि वय असते. वयात बसला की आधी एक पत्र जाते, मग काही दिवसांनी पाकीट. पाकिटात नळी, चित्रांसह सूचना आणि परत पाठवायचे पाकीट, त्याचा टपालखर्च भरलेला. दर दोन वर्षांनी हे चक्र चालते. पाकीट परत आले नाही तर सुमारे चार आठवड्यांनी स्मरणपत्र. सुरुवातीला ६० वर्षांपुढच्यांसाठी असलेली ही योजना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने खाली आणत ५० ते ७४ या वयोगटापर्यंत आणली गेली.

आपल्याला वाटेल, इतकी सोय झाल्यावर सगळेच पाठवत असतील. तसे झाले नाही. पहिल्या दोन-अडीच वर्षांत २६ लाखांच्या आसपास लोकांना पाकिटे गेली, त्यांतल्या फक्त ५४ टक्क्यांनी नमुना परत पाठवला. त्यातही सधन वस्तीत ६१ टक्के आणि सर्वांत गरीब वस्तीत ३५ टक्के. लंडन शहर तर ४० टक्क्यांवरच. पाकीट सगळ्यांना तेच, सरकार तेच, टपाल तेच. मग गेली कुठे ही पाकिटे? कपाटावर, फडताळात, "रविवारी बघू" म्हणून बाजूला ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात. तपासणीला ठाम नकार देणारे त्यांत थोडे, राहून गेलेले पुष्कळ. शिवाय घाण हाताळायची किळस, काही निघालेच तर काय या धास्तीने न पाहिलेले बरे वाटणे, इंग्रजी सूचना न समजणे, हेही होतेच.

मग तिथल्या संशोधकांनी पत्रांवरच प्रयोग केले. २०१२-१३ च्या सुमारास चार चाचण्या झाल्या, निकाल २०१६ साली छापून आले. एकात मुद्द्याचे तेवढे सांगणारे सोपे पत्रक सोबत दिले. दुसऱ्यात तपासणी करून घेतलेल्या माणसांच्या हकिकती दिल्या. तिसऱ्यात "तुमच्या डॉक्टरांचाही या तपासणीला पाठिंबा आहे" असे पत्रावर छापले. चौथ्यात स्मरणपत्र सुधारले, म्हणजे वर ठळक अक्षरांत ही आठवण असल्याचे छापून खाली सोप्या भाषेत चार ओळी घातल्या. पत्रकाने आणि हकिकतींनी गरीब-श्रीमंतांतले अंतर काही कमी झाले नाही. डॉक्टरांच्या नावाने परत येणारी पाकिटे किंचित वाढली, पण वाढ शंभरात एकाच्याही आत. सुधारलेल्या स्मरणपत्राचा निकाल असा की ज्यांना ते गेले त्यांच्यात प्रतिसाद २५.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेला.

वाचणारा म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे साध्या, जुन्या नमुन्याच्या स्मरणपत्रानंतरसुद्धा गप्प बसलेल्या चारांतला एक जण उठून पाकीट पाठवत होताच. ते पत्रच गेले नसते तर यांतले किती लोक राहून गेले असते? दुसरे म्हणजे चार ओळी जास्त छापायला खर्च जवळजवळ शून्य. एक लाख स्मरणपत्रांमागे सातशे माणसे वाढली, आणि ती वाढली गरीब वस्तीत (१३.३ वरून १४.१ टक्के). सधन वस्तीत काही फरक पडला नाही. ज्याला नेहमीचे सरकारी पत्र कळत होते त्याला सोप्या ओळींची गरज नव्हती, ज्याला कळत नव्हते त्याला थोडा हात मिळाला. आपल्या वार्षिक अहवालाची भाषा ठरवणाऱ्यांनीही हे वाचावे असे आहे, पण तो विषय निराळा.

लंडनमध्ये आणखी एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१७ साली आले. ज्यांची पाकिटे परत आली नव्हती अशा आठ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना मोबाईलवर एक संदेश पाठवला. एकूण फरक नगण्य, ३९.९ च्या जागी ४०.५ टक्के. पण ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाकीट आले होते त्यांच्यात ३४.९ चे ४०.५ टक्के झाले. दोन-तीनदा पाकीट टाळलेल्या माणसाला मोबाईलची टुणटुण हलवू शकत नाही. नव्या माणसाचे मत अजून घट्ट झालेले नसते, त्याला वेळेवर टोचले की तो करतो.

आणि स्मरणपत्राहूनही जास्त फरक पाडला तो नळीने. २०१४ साली काही भागांत जुन्या कार्डाऐवजी नवी फिट नळी पाठवून पाहिली. प्रतिसाद ५९.३ वरून ६६.४ टक्क्यांवर गेला. पूर्वी कधीच नमुना न पाठवलेल्या लोकांत तो १२.५ वरून २३.९ टक्के झाला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तीन दिवसांचे काम एका दिवसावर आणले, एवढाच बदल. "लोक अडाणी आहेत, लोकांना कळत नाही" असे म्हणायची घाई झालेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जून २०१९ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये हीच नळी जाते.

शिकागोमधला पाठपुरावा

अमेरिकेत सगळ्यांसाठी एक सरकारी यादी नाही. ज्याचा त्याचा विमा, ज्याचा त्याचा दवाखाना. तिथे ४५ ते ७५ वर्षांच्या माणसांनी ही तपासणी करावी असा तज्ज्ञ समितीचा २०२१ सालचा सल्ला आहे. फिट पद्धतीने करायची तर ती दरवर्षी करावी लागते. आणि खरी मेख दरवर्षीचीच आहे. एकदा उत्साहाने करणारे पुष्कळ. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात आठवण कोण ठेवणार?

शिकागो शहरातल्या गोरगरिबांच्या दवाखान्यांत यावर एक चाचणी झाली, निकाल २०१४ साली छापले गेले. रोगी बहुतेक स्पॅनिश बोलणारे, बहुसंख्यांकडे विमा नाही. एकूण ४५० माणसे, सगळ्यांनी आदल्या वर्षी तपासणी केलेली आणि निकाल चांगला आलेला. त्यांच्या २२५-२२५ च्या दोन तुकड्या केल्या.

पहिल्या तुकडीसाठी दवाखान्याची नेहमीची पद्धत. ही पद्धतसुद्धा वाईट नव्हती. रोगी दवाखान्यात आला की डॉक्टरांच्या संगणकावर "याची तपासणी बाकी आहे" अशी सूचना येई आणि मदतनीस त्याला नळी देई. पण त्यासाठी रोग्याने दवाखान्यात यायला हवे!

दुसऱ्या तुकडीच्या घरापर्यंत दवाखाना गेला. तारीख जवळ आली की पत्र, त्याबरोबर यंत्राकरवी फोन आणि मोबाईलवर संदेश, की तुमची पाळी आली आहे, नळी टपालाने येत आहे. मग नळी, कमी शिकलेल्यालाही उमगतील अशा सूचना आणि टपालखर्च भरलेले परतीचे पाकीट. दोन आठवडे वाट पाहून नमुना आला नाही तर पुन्हा फोन आणि संदेश. तीन महिने झाले तरी नाही, तर मग यंत्र नव्हे, दवाखान्याचा माणूस स्वतः फोन करून बोलणार, "काय अडचण आहे?"

सहा महिन्यांनी हिशेब केला. पहिल्या तुकडीत ३७.३ टक्के लोकांनी तपासणी केली होती, दुसऱ्या तुकडीत ८२.२ टक्के!

या ८२ चे पोट-आकडे जास्त बोलके आहेत. शंभरातल्या १० जणांनी तारखेच्या आधीच काम उरकले होते. पत्र आणि नळी मिळताच दोन आठवड्यांत करणारे ४० जण. दुसऱ्यांदा फोन-संदेश गेल्यावर २४ जण. आणि शेवटी माणसाने माणसाशी बोलल्यावर ८ जण. म्हणजे पत्र पाठवून "आम्ही कळवले होते, आमचे काम झाले" म्हणत हात झटकले असते तर निम्म्यावरच काम थांबले असते. पुढची बत्तीस माणसे पाठपुराव्याने आली. आणि शेवटचा महागाचा उपाय, म्हणजे माणसाचा वेळ, फक्त उरलेल्या थोड्यांसाठी वापरला. सगळ्यांच्या मागे माणूस लावला असता तर खर्च परवडला नसता, कुणाच्याच मागे लावला नसता तर ते आठ गेले असते.

आपल्याकडे तोडणीच्या वेळी काय चालते ते आठवा. गट कचेरीच्या फळ्यावर तोडणीचा कार्यक्रम लावलेला असतो, तरी किती जण तो वाचायला जातात? चिटबॉय गाडीवरून वस्तीवर येतो, चिठ्ठी हातात देतो, "परवा टोळी येतीय, पाट ओलांडायची वाट तेवढी नीट करा" म्हणून सांगतो. तुम्ही नसलात तर शेजारच्याला सांगून जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावतो. त्या फेरीने तोड वेळेवर होते. शिकागोच्या दवाखान्याने फळा सोडून चिटबॉय पाठवला, एवढाच फरक.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. शिकागोचे ४५० लोक एकदा तपासणी केलेले होते, म्हणजे वाट मळलेली होती. नवख्यांच्या बाबतीत एवढे यश धरून चालू नये. ओरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतल्या २६ दवाखान्यांत अशीच पत्र, नळी आणि स्मरणपत्राची योजना राबवली. २०१८ साली निकाल आला तो १०.४ च्या जागी १३.९ टक्के, फरक अवघा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. असे का, हे शोधताना दिसले की सगळ्या दवाखान्यांतून पत्रे सारखी गेलीच नव्हती. कुठे बऱ्याच लोकांना गेली, कुठे अगदी थोड्यांना. योजना कागदावर तीच. पत्र टाकायला बसलेला माणूस दुसऱ्या कामाला लावला, यादी वेळेवर निघाली नाही, की स्मरणपत्राचे गुण पाकिटातच राहतात.

उलट जिथे हे काम नेटाने वर्षानुवर्षे झाले तिथले आकडे थक्क करणारे आहेत. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनंटे नावाची मोठी आरोग्यसंस्था आहे. तिने २००६ ते २००८ च्या दरम्यान आपल्या सभासदांना (तिथेही सभासदच म्हणतात) दरवर्षी नळी घरी पाठवायला आणि पाठपुरावा करायला सुरुवात केली. २००० साली ज्यांची तपासणी वेळच्या वेळी झालेली होती असे लोक ३८.९ टक्के होते, २०१५ साली ८२.७ टक्के झाले. त्या काळात या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, लाखामागे ३०.९ वरून १४.७. सगळे श्रेय स्मरणपत्रांना देणे बरोबर नाही, उपचारही सुधारले. पण मोठा वाटा तपासणीचा.

निकाल आल्यानंतर

स्मरणपत्राची खरी कसोटी मात्र पुढेच लागते. साधारणपणे शंभरांतल्या दोघा-चौघांच्या नमुन्यात रक्त निघते. त्यांनी दुर्बिणीची तपासणी केली नाही, तर आधीचा सगळा खटाटोप पाण्यात. आणि नेमके इथेच माणूस घाबरून मागे सरतो. याच कैसर संस्थेतल्या सत्तर हजारांवर लोकांच्या नोंदी तपासून २०१७ साली असे दिसले की रक्त निघाल्यावर काही महिन्यांत दुर्बीण झाली तर फारसे बिघडत नाही. पण दहा महिन्यांच्या पुढे गेले की कर्करोग, आणि तोही पुढच्या टप्प्याचा, सापडण्याचा धोका वाढतो. तेव्हा एक-दोन आठवडे उशीर झाला म्हणून हबकून जायचे कारण नाही, पण वर्षभर टाळणे धोक्याचे. म्हणून चांगल्या योजनेत सर्वांत कडक पाठपुरावा नमुना न पाठवणाऱ्यांचा नसतो. ज्याच्या नमुन्यात रक्त निघाले आणि जो पुढे आलाच नाही, त्याचा असतो.

आपल्याकडे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी घरोघरी पाकीट पाठवण्याची योजना भारतात नाही. प्रमाण कमी असल्याने आणि दुर्बीण करणारे डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी मिळणे कठीण असल्याने ते समजण्यासारखे आहे. रक्त निघालेल्यांना दुर्बीण देता येत नसेल तर नळ्या वाटून करायचे काय? सरकारी योजनेत ३० वर्षांवरील सर्वांसाठी तोंडाच्या, आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात तो यासाठीच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया देशभरात शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. म्हणजे आपला प्रश्न इंग्लंडच्या आधीचा आहे. तिथे पाकीट फडताळात पडून राहते, इथे निरोपच पोचत नाही किंवा पोचून विरून जातो.

आणि आपल्याच भागात हे काम नीट केल्याचा दाखलाही आहे. उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांची मोठी चाचणी केली. गावोगाव आरोग्य कार्यकर्त्या घरी गेल्या, नावे लिहिली, समजावून सांगितले, बोलावले. बोलावलेल्या बहुसंख्य स्त्रिया आल्या. २००९ साली निकाल आला तो असा की एचपीव्ही ही तपासणी आयुष्यात एकदा केल्यानेसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आतड्याचा रोग निराळा, तपासणी निराळी, पण घरी जाऊन सांगण्याची युक्ती तीच. पल्स पोलिओच्या वेळी दारावर खडूने केलेल्या खुणा आठवत असतील. 'पी' म्हणजे झाले, फुली म्हणजे पुन्हा यायचे. ती फुली म्हणजे स्मरणपत्रच होते, फक्त ते घरवाल्याला नव्हे, कार्यकर्त्याला लिहिलेले.

आता आपल्या घरातल्या दोन गोष्टी.

शौचात रक्त दिसले की आपल्याकडे एकच निदान, मूळव्याध. मग गावठी औषध, मग कुणीतरी सांगितलेला वैदू, मग "गरम खाल्लं असेल". बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते हे खरे. पण न पाहता ते ठरवणार कोण? वय चाळीसच्या पुढे असेल, रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली असेल, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा रक्तातले लोह कमी होऊन थकवा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि "बोटाने तपासून पाहा, दुर्बिणीची गरज आहे का ते सांगा" असे आपण होऊन म्हणावे. डोळ्यांना रक्त दिसत असताना फिटची नळी शोधत बसू नये. ज्यांचे आई-वडील किंवा सख्खे भाऊ-बहीण या रोगाने आजारी पडले, त्यांनी त्रास नसला तरी चाळिशीत डॉक्टरांशी बोलून घ्यावे. घरातल्या बायामाणसांबद्दल विशेष सांगायचे, कारण त्या हे कुणालाच सांगत नाहीत. पांडुरोग झाला म्हणून लोहाच्या गोळ्या वर्षभर घेत राहतात आणि रक्त जाते कुठे हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा लेकीकडे कायमचे राहायला गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या भागातली अशी घरे आता थोडी नाहीत. तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदलेले असेल आणि वय ५० ते ७४ असेल तर पाकीट तुमच्याही नावाने येणार. योजना सुरू होण्यापूर्वी कॉव्हेंट्री आणि वॉरिकशायर भागात जी चाचणी झाली, तिच्यात भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडच्या लोकांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांनी नमुना पाठवला होता, इतरांपैकी साठ टक्क्यांनी. पाकीट इंग्रजीत असते आणि सूनबाईंना किंवा नातवाला "हे वाचून दाखव" म्हणायची लाज वाटते. लाज वाटली तरी म्हणावे. नमुना शौचकूपातल्या पाण्याला लागण्याआधी घ्यायचा, म्हणून खाली एखादा स्वच्छ डबा किंवा कागद धरावा. काडीच्या टोकाच्या खाचा भरतील एवढाच नमुना पुरे, जास्त घातल्याने तपासणी जास्त चांगली होत नाही. झाकण टक्क वाजेपर्यंत लावावे. आणि नळीवर नमुना घेतल्याची तारीख लिहायला विसरू नये. तारीख नसली तर ती नळी तपासता येत नाही आणि नवे पाकीट येईपर्यंत पुन्हा थांबावे लागते.